पॉइंटचा भाव कोण ठरवतं?

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डिस्ने व्हेकेशन क्लबने २०२० सालासाठीचा पॉइंटचा तक्ता जाहीर केला. कोणत्या रिसॉर्टमधल्या कोणत्या खोलीला कोणत्या रात्री किती पॉइंट लागणार, एवढंच त्या तक्त्यात असतं. पण तिथले जुने सभासद तो ओळ न ओळ वाचतात. नव्या तक्त्यात काही स्टुडिओंचे आणि एक बेडरूमच्या घरांचे पॉइंट वाढले होते, आणि त्या वाढीची पुरती भरपाई दुसरीकडे कुठे झालेली दिसत नव्हती. करार मात्र सांगत होता, की एका रात्रीचे पॉइंट वाढवले तर दुसऱ्या कुठल्या तरी रात्रीचे कमी करावे लागतील. सभासदांनी कलमं काढून दाखवली, पत्रांचा मारा केला, आणि २०१९ उजाडल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीनं तो तक्ता मागे घेतला.

सभासदांना हे जमलं, कारण त्यांच्या पॉइंटला कशाचा तरी आधार होता. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या क्लबात माणूस ठरावीक रिसॉर्टमधल्या स्थावर मालमत्तेतला हिस्सा विकत घेतो, रीतसर नोंदवलेल्या दस्तानं आणि ठरावीक मुदतीसाठी. ओल्ड की वेस्ट या पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार जानेवारी २०४२ मध्ये संपतात. खोल्या किती आणि रात्री किती हे पक्कं असल्यामुळे वर्षभरातल्या पॉइंटची बेरीजही पक्की. कंपनी या रात्रीचे पॉइंट त्या रात्रीवर ढकलू शकते, पण एकूण ढीग वाढवू शकत नाही.

पुण्यात, ठाण्यात, नागपुरात एखादं कुटुंब असं सुट्ट्यांचं सभासदत्व, म्हणजे टाइमशेअर, घ्यायचं का, हे ठरवायला बसतं तेव्हा विचारलं जातं ते वेगळंच. रिसॉर्ट किती आहेत? हप्ता किती पडेल? परदेशात चालेल का? आमच्या मागे मुलांना मिळेल का? यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. पण ज्या प्रश्नावर पुढची दहा-पंचवीस वर्षं अवलंबून असतात तो बहुतेकदा विचारलाच जात नाही. पॉइंटचा भाव कोण ठरवतं, आणि त्याला तो बदलण्यापासून कोण अडवू शकतं? या प्रश्नाचं उत्तर 'कंपनी' आणि 'कुणीही नाही' असं असेल, तर बाकीची सगळी आकडेमोड वाळूवर उभी आहे.

पॉइंटची कल्पना मुळात वाईट नाही. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या हापिमाग या संस्थेनं ती रुजवली. तिथे सभासद भागधारक होतो आणि भागांवर त्याला दरवर्षी राहण्याचे पॉइंट मिळतात. दुसरीकडे आठवड्याची पद्धत रुळली होती. अमुक रिसॉर्ट, अमुक खोली आणि दरवर्षी तोच आठवडा. ती कुणालाही काचणारीच होती. मुलाची परीक्षा त्याच आठवड्यात आली की वर्ष वाया. मग आठवड्यांची अदलाबदल करून देणारी आरसीआय १९७४ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झाली, नंतर तरंगते आठवडे आले, ऋतूंचे रंग आले. भारतात १९८६ च्या स्टर्लिंगनं आणि १९९६ च्या क्लब महिंद्रानं हा व्यवहार मध्यमवर्गाच्या घरात आणला. महिंद्राचे जांभळा, लाल, पांढरा आणि निळा हे चार हंगाम अनेक मराठी घरांत तोंडपाठ आहेत. पॉइंटनं हे सगळं आणखी सैल केलं. दोन रात्री इथे, तीन तिथे, लहान खोली घेतली तर जास्त दिवस.

हा सैलपणा मात्र दोन्ही बाजूंना मिळतो. आठवडा विकणाऱ्या कंपनीला एक विशिष्ट खोली एका विशिष्ट माणसासाठी राखून ठेवावी लागे. पॉइंट विकणाऱ्या कंपनीवर ते बंधन नसतं. तिनं विकलेली गोष्ट म्हणजे एक आकडा, आणि त्या आकड्यात काय मिळेल हे पुढे दरवर्षी ठरतं. किराणा दुकानदाराकडे पाच लाख आगाऊ ठेवले, त्याबदल्यात वर्षाला ३०० गुण मिळाले, आणि एक किलो तांदळाला किती गुण हे दर दिवाळीला दुकानदारानंच फळ्यावर लिहायचं ठरलं, तर त्या व्यवहाराला कुणीही स्वस्ताई म्हणणार नाही.

तक्ता कसा वाचायचा ते एका नमुन्यावर पाहू. समजा वर्षाला ३०० पॉइंट मिळतात. महाबळेश्वरच्या एका खोलीला जुलैत, मंगळवारच्या रात्री, २५ पॉइंट. तीच खोली मे महिन्यात मधल्या वारी ६०, शुक्रवार-शनिवारी ९०. जुलैच्या हिशेबानं १२ रात्री होतात, आणि विक्रीच्या टेबलावर हाच १२ चा आकडा सांगितला जातो. पण जुलैत महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो, धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नाही आणि शाळा चालू असतात. मे महिन्यात सोमवार ते शुक्रवार सकाळ असं गेलं तर ४ रात्रींना २४० पॉइंट जातात. उरलेल्या ६० पॉइंटमध्ये शुक्रवारची रात्र बसत नाही, ते पुढच्या वर्षी न्यायचे, नेता आले तर. आता कंपनीनं मेचा मधल्या वाराचा भाव ६० वरून ८० केला असं धरा. त्याच ३०० पॉइंटमध्ये ३ रात्री उरल्या. सभासदाच्या हातातलं प्रमाणपत्र तेच, आकडा तोच, आणि सुट्टीचा एक दिवस गेला. कुणी दरवाढीचं पत्र पाठवायचीही गरज पडली नाही.

गर्दीच्या दिवसांना जास्त पॉइंट लावणं यात अन्याय नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. दुरुस्तीचे दिवस वगळले तर एका खोलीत वर्षाला साधारण ५० आठवडे राहता येतं. म्हणजे दर सभासदाला एक आठवडा धरून एका खोलीमागे ५० सभासद बसतात. पण शाळकरी मुलं असलेल्या घरांना मे, दिवाळी आणि नाताळ मिळून जेमतेम दहा आठवडे सोयीचे. पन्नासांपैकी चाळीस जणांनी त्या दहा आठवड्यांकडे डोळे लावले, तर तिघांना नाही म्हणावं लागेल तेव्हा एकाला हो म्हणता येईल. काहीतरी गाळणी लागणारच. ती पॉइंटची असेल किंवा 'आधी येईल त्याला' अशी. त्यामुळे 'बुकिंग मिळत नाही' ही तक्रार प्रत्येक वेळी फसवणुकीची नसते, पुष्कळदा ती भागाकाराची असते. हा भागाकार आधी करता येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या सभासद किती आणि खोल्या किती हे आपल्या अहवालांत छापतात. भागून पाहायला पाच मिनिटं पुरतात. नोंदणी नसलेली कंपनी हे दोन आकडे लेखी देत नसेल, तर तिनं किती जणांना तीच रात्र विकली आहे हे कळायला मार्ग नाही.

ही पाच मिनिटं विक्रीच्या दालनात मिळत नाहीत. मॉलमध्ये कुणीतरी फॉर्म भरून घेतं, चार दिवसांनी फोन येतो, 'तुम्हाला गिफ्ट व्हाउचर लागलंय, पण मिस्टर-मिसेस दोघांनी यायचं.' गोव्यात कळंगुट-कांदोळीच्या रस्त्यावर स्क्रॅच कार्ड हातात पडतं आणि बक्षीस निघतंच. दोघांनी यायची अट असते, कारण एकटा आलेला माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठू शकतो. गोल टेबलं, मोठ्या आवाजात गाणी, मुलांसाठी कोपऱ्यात चित्रकला. मध्येच कुठल्या तरी टेबलावर टाळ्या वाजतात, नवीन सभासद झाले म्हणून. समोरचा तरुण नम्र असतो. 'काका, वर्षाला फिरण्यावर तुमचे किती जातात?' काका म्हणतात, साठेक हजार. तरुण कागदावर ६०,००० लिहितो, दरवर्षी ७ टक्के महागाई धरतो, २५ वर्षांची बेरीज मांडतो. ३८ लाख. त्याच्याखाली मोठ्या अक्षरात ५ लाख. मग मॅनेजर येतो आणि आजच्या आज सही केली तर आणखी काही कमी करतो.

हा कागद बारकाईनं पाहिला पाहिजे, कारण बेरीज अचूक आहे आणि तुलना खोटी आहे. काकांच्या साठ हजारांत गाडीभाडं आहे, जेवणखाण आहे, चहा-नाश्ता, नावेत बसणं, घरच्यांसाठी घेतलेली चिक्की आहे. खोलीचं भाडं त्यात समजा २५,०००. सभासदत्व फक्त या पंचवीस हजारांना पर्याय देतं, बाकीचे पस्तीस हजार तसेच जातात. शिवाय परदेशातल्या टाइमशेअर घरांत स्वयंपाकघर असतं, तिथलं कुटुंब दूध-अंडी आणून नाश्ता करतं. आपल्याकडच्या अनेक रिसॉर्टमध्ये गाव लांब आणि रेस्टॉरंट एकच, त्यामुळे जेवणाचं बिल वाढण्याचीच शक्यता. पंचवीस हजार रुपये ७ टक्क्यांनी वाढत २५ वर्षं गेले तर बेरीज होते जवळपास १५ लाख ८० हजार. म्हणजे ३८ लाखांचा डोंगर निम्म्याहून खाली आला.

आता दुसरी बाजू. पाच लाखांखाली कागदावर एक ओळ लिहायची राहून जाते, ती वार्षिक शुल्काची. समजा ते आज २०,००० आहे आणि तेही ७ टक्क्यांनीच वाढतं. दहाव्या वर्षाअखेर ते ३९,००० च्या पुढे असेल, विसाव्या वर्षाअखेर ७७,००० च्या. पंचवीस वर्षांत भरलेल्या शुल्काची बेरीज साडेबारा लाखांवर जाते, सभासदत्वाच्या किमतीच्या अडीचपट. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर जवळपास १५ लाख. मुद्दलाचे पाच मिळवले की २० लाख झाले, आणि पाच लाख बँकेत ठेवले असते तर मिळालेलं व्याज अजून यात धरलेलंच नाही. १५ लाख ८० हजारांच्या खर्चाला पर्याय म्हणून २० लाख. 'आजच्या दरात उद्याची सुट्टी' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. आजच्या दरात बांधली गेली ती फक्त आगाऊ दिलेली रक्कम. पुढची वीस-पंचवीस वर्षं जी भरायची आहे ती मोकळी आहे, आणि ती किती वाढेल हेही समोरचाच ठरवणार आहे. काही करारांत शुल्कवाढ महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली असते. तसं असेल तर ते मोठं संरक्षण आहे, आणि नसेल तर का नाही हे विचारायला हवं.

हाच हिशेब उलटा लागणारी कुटुंबं आहेत. जे आजच एका रात्रीला ९,००० रुपये देऊन रिसॉर्टमध्ये राहतात, दरवर्षी न चुकता सात रात्री जातात, ज्यांच्या घरात आता शाळा नाही, जे पाच-सहा महिने आधी तारखा ठरवू शकतात, त्यांची खोलीभाड्याची बेरीज पंचवीस वर्षांत चाळीस लाखांच्या घरात जाते. त्यांना वीस लाखांचा व्यवहार परवडतो, मुद्दलावरचं व्याज धरूनही. निवृत्त झालेलं, हातपाय धड असलेलं, ऑगस्टमध्ये कुर्ग आणि फेब्रुवारीत राजस्थान असं फिरणारं जोडपं पॉइंटचा सगळ्यात चांगला उपयोग करतं. स्वस्तातले दिवस त्यांनाच घेता येतात. त्यांच्यासाठी छोट्या मुदतीची सभासदत्वंही बाजारात आहेत, आणि साठीच्या माणसानं पंचवीस वर्षांच्या करारापेक्षा त्यांकडे पाहणं शहाणपणाचं आहे. अडचण अशी, की विक्रीच्या दालनात सगळ्यात जास्त दिसतात ती पस्तिशीतली, दोन शाळकरी मुलांची, घराचा हप्ता चालू असलेली जोडपी. म्हणजे मेशिवाय सुट्टी नसलेली. ज्यांना पॉइंट सगळ्यात महाग पडतो त्यांनाच तो सगळ्यात जोरानं विकला जातो.

यामागचं कारण समजून घ्यायला कंपन्यांचे हिशेब पाहावेत. क्लब महिंद्रा चालवणाऱ्या महिंद्रा हॉलिडेजच्या जुन्या पद्धतीत सभासदत्वाच्या रकमेतले ६० टक्के प्रवेश शुल्क म्हणून सुरुवातीलाच उत्पन्नात धरले जात, उरलेले ४० टक्के मुदतभर वाटले जात. हे तेव्हाच्या नियमांत बसणारंच होतं. १ एप्रिल २०१८ पासून 'इंड एएस ११५' हे लेखामानक लागू झालं आणि सभासदत्वाचं उत्पन्न मुदतीवर पसरवणं भाग पडलं. आज अशा कंपनीच्या ताळेबंदात न दिलेल्या सुट्ट्यांची रक्कम देण्याच्या बाजूला दिसते, आणि ते योग्यच आहे. पण रोकड अजूनही सुरुवातीलाच येते. पैसे हातात येण्याचा दिवस सहीचा असेल आणि सेवा द्यायचे दिवस पुढच्या पंचवीस वर्षांत विखुरलेले असतील, तर साहजिकच सगळा जोर सहीवर राहतो. जुन्या सभासदाला मग मूळ सभासदत्व अपुरं पडतंय म्हणून वरची श्रेणी विकली जाते.

बाहेर पडायचं ठरवलं की खरी किंमत कळते. अमेरिकेत हजारो डॉलरना घेतलेले आठवडे आणि पॉइंट ईबेवर एक डॉलरला विकायला काढलेले दिसतात. विकणाऱ्याला पैसे नकोच असतात, वार्षिक शुल्कातून सुटका हवी असते. आणि या अगतिकतेभोवती दुसरा धंदा उभा राहतो. 'तुमचं टाइमशेअर सोडवून देतो' म्हणत प्रामुख्यानं वृद्धांकडून ९ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२२ मध्ये मिझूरीतल्या एका जाळ्यावर खटला भरला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं मेक्सिकोतल्या पुएर्तो व्हायार्ताजवळच्या आठ कंपन्यांवर निर्बंध घातले, कारण टाइमशेअर मालकांना गिऱ्हाईक मिळवून देतो असं सांगून लुटण्याचा तो उद्योग अमली पदार्थांच्या टोळीशी जोडलेला होता. आपल्याकडेही सभासदांना फोन येतात. 'तुमचे पैसे परत मिळतायत, आधी फक्त जीएसटी भरा.' फोन करणाऱ्याकडे सभासद क्रमांकही असतो.

महाराष्ट्रात सुट्टीच्या नावाखाली झालेली सगळ्यात मोठी जखम मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि टाइमशेअरबद्दल बोलताना ती विसरणं बरोबर नाही. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जनं खोल्यांच्या रात्रींच्या नावानं २००२ ते २०१४ या काळात ५१ लाखांहून अधिक लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा केले. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, अशी ती योजना. गावोगावच्या एजंटांनी ती भाजीवाल्यांना, शिक्षकांना, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना विकली. यातल्या बहुतेकांना रिसॉर्टमध्ये राहायचंच नव्हतं. सेबीनं जुलै २०१४ मध्ये नवी वसुली थांबवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. ही परवानगीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असं तिचं म्हणणं होतं. रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या 'हॉलिडे प्लॅन'वरही २०१५ मध्ये तसाच आदेश निघाला. आदेश निघून वर्षं लोटली तरी हे गुंतवणूकदार पैशांची वाट पाहत राहिले.

खरीखुरी रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपन्यांना या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. पण एक गोष्ट इथून उचलावी. सुट्टी विकणाऱ्यानं तोंडानं जरी 'ही गुंतवणूक आहे' असं म्हटलं, तरी त्या क्षणी उठून यावं. पॉइंट ही खर्चाची वस्तू आहे. दरवर्षी ती वापरून संपते आणि मुदत संपली की हातात काहीही उरत नाही.

युरोपात यासाठी कायदा आहे. १९९४ च्या पहिल्या निर्देशानंतर २००८ च्या सुधारित निर्देशानं ग्राहकाला कारण न देता करार मोडायला १४ दिवस दिले आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायला बंदी केली. फ्लोरिडात ही मुदत १० दिवसांची आहे. स्पेनच्या १९९८ च्या कायद्यानं कराराला ५० वर्षांची कमाल मर्यादा घातली. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ पासूनच्या निकालांत, त्या मर्यादेबाहेरचे आणि नेमकं काय विकलं हे न सांगणारे करार रद्द ठरवले. या दुसऱ्या मुद्द्याचा रोख थेट पॉइंटसारख्या हवेतल्या हक्कावर येतो.

भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. विचार बदलायला किती दिवस मिळतील हे कंपनीनं करारात काय लिहिलं त्यावर ठरतं, म्हणून ती ओळ पहिल्यांदा शोधायची. तरी ग्राहक अगदीच उघडा नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही संकल्पना आली. एका पक्षाला एकतर्फी हक्क देऊन ग्राहकाचं नुकसान करणारी कलमं राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग रद्द ठरवू शकतात. तक्रार आपण राहतो त्या गावी करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ ही हेल्पलाइन आहे. दालनात तोंडी दिलेली आश्वासनं मात्र आयोगापुढे सिद्ध करणं अवघड जातं. त्यामुळे 'दिवाळीत नक्की मिळेल' असं जो म्हणतो त्याच्याकडून ते त्याच संध्याकाळी ईमेलवर मागून घ्यावं. त्याबरोबर गेल्या पाच वर्षांचे पॉइंटचे तक्ते आणि गेल्या दहा वर्षांची वार्षिक शुल्कं मागावीत. चांगल्या कंपनीला ती द्यायला काहीच हरकत नसते, आणि ती घरी नेऊन शांतपणे वाचल्याशिवाय सही करण्याची घाई कुठल्याही कुटुंबाला नसते.

एवढं सगळं एकेका घरावर सोडणंही बरोबर नाही. याच ग्राहक कायद्याखाली केंद्रानं २०२० मध्ये ई-कॉमर्ससाठी आणि २०२१ मध्ये थेट विक्रीसाठी नियम केले. टाइमशेअरसाठीही ते करता येतील. निदान १४ दिवसांची परतीची मुदत आणि तोवर पैसे घ्यायला मनाई. विकलेल्या एकूण पॉइंटची आणि उपलब्ध रात्रींची बेरीज दरवर्षी जाहीर करण्याची सक्ती. एका रात्रीचे पॉइंट वाढवले तर तेवढे दुसरीकडे कमी करण्याचं बंधन. शुल्कवाढीला निर्देशांकाची मर्यादा. आणि सत्तरी ओलांडलेल्या सभासदाला किंवा त्याच्या वारसाला पुढचं शुल्क न भरता करारातून मोकळं होण्याचा हक्क.